सादळलेला आवाज

पावसाळ्यात पापड सादळतो, काडेपेटी सादळते, शाळेतल्या हजेरीपटाची पानं एकमेकांना चिकटतात. कोकणात राहणाऱ्याला यात नवल नाही. पण माणसाचा आवाजसुद्धा सादळू शकतो, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कळलं.

खाडीकाठचं आमचं घर जून ते ऑक्टोबर बंद असतं. अब्बांच्या इंतकालनंतर अम्मी आमच्याकडे शहरात राहायला आली, तेव्हापासूनचा हा रिवाज. सुट्टी लागली की आम्ही जातो, दारं-खिडक्या उघडतो, गाद्या उन्हात टाकतो, भिंतींवरची बुरशी पुसतो. या वेळी साफसफाई आटोपल्यावर अम्मीने माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढायला लावला. त्यात अब्बांच्या कॅसेटी होत्या.

ज्यांच्या घरातलं कुणी आखातात होतं, त्यांना या कॅसेटी काय असतात ते सांगायला नको. ऐंशीच्या दशकात वाडीत फोन नव्हता, पत्र पोहोचायला आठवडे लागायचे. कुवेतहून कुणी सुट्टीवर निघालं, की अब्बा खोलीत बसून साठ मिनिटांच्या कॅसेटवर बोलायचे आणि ती त्याच्या सामानात घालायचे. इकडे ती ऐकायला अर्धी वाडी आमच्या ओटीवर जमायची. मग त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आम्ही मुलं एकेक करून सलाम करायचो, दादी थोडं रडायची, आणि ती कॅसेट परत जाणाऱ्याच्या हाती जायची. १९८६ मध्ये अब्बा रजेवर आले तेव्हा डेक आणि लाकडी पेटीचे दोन मोठे स्पीकर घेऊन आले. तो डेक आणि ते स्पीकर अजून तिथेच ओटीवर आहेत.

मुलाने डेकचा रबरी पट्टा आदल्या दिवशीच बदलला होता. कॅसेट लावली. डाव्या स्पीकरमधून पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडल्यासारखी घरघर आली. उजव्यातून आवाज येत होता, पण तोंडावर शाल धरून कुणी बोलावं तसा जाड आणि बोथट. अम्मीने दोन मिनिटं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, “बंद कर. हे तुझे अब्बा नाहीत.”

दुसऱ्या दिवशी बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने पेटी उघडलीसुद्धा नाही. “बाजी, टेपही गेली आणि स्पीकरही गेले. भंगारात द्या आणि एखादा ब्लूटूथ घ्या.” मी ते निमूट ऐकून परत आले. मुलाच्या डोक्यात मात्र वेगळंच होतं. त्याने डेकच्या पुढच्या भोकात हेडफोन लावला आणि माझ्या कानावर चढवला. आवाज स्वच्छ होता, अगदी अब्बांचा. मधली त्यांची खोकण्याची लकबही जशीच्या तशी. म्हणजे टेप शाबूत होती. बिघाड स्पीकरमध्ये होता, आणि तो कसा झाला हे शोधताना लक्षात आलं की त्यात माझाही हात आहे.

स्पीकर हे यंत्र दिसतं मजबूत, पण असतं नाजूक. मध्यभागी एक लोहचुंबक. त्याच्या गोल फटीत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी तरंगत असते, तिला मिस्त्री लोक कॉइल म्हणतात. कॉइलला चिकटलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू म्हणजे कोन. कोनाची बाहेरची कड फोमच्या किंवा रबराच्या मऊ कड्याने लोखंडी चौकटीला जोडलेली असते. वीज आली की कॉइल पुढे-मागे थरथरते, तिच्यासोबत कोन हलतो, कोनासमोरची हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. कॉइलच्या दोन्ही बाजूंना जी मोकळी जागा असते ती मिलिमीटरच्याही आतली. एवढ्याशा जागेत गंजाचा एक कपचा अडकला तरी घासायला पुरे.

आता यात दमट हवा काय करते ते बघू. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत हवेतली सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असणं नेहमीचंच. कागद ही आर्द्रता शोषतो. कोन जड आणि नरम होतो, त्याचा कडकपणा जातो आणि आवाजाची धार जाते. अगदी पापडासारखंच. फरक इतकाच, की पापड तळला की झालं, कोन तळता येत नाही. सुदैवाने चांगल्या प्रतीच्या कोनावर लेप असतो आणि हवा कोरडी झाली की तो बराचसा पूर्ववत होतो. ओल वारंवार बसली, तर मात्र कागद वाकडा होतो आणि जोडाचा डिंक सुटतो.

खरा घात होतो तो कडेच्या फोमचा. हा पॉलियुरेथेनचा स्पंज असतो. हवेतलं पाणी त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडतं, ऊन त्यात भर घालतं. दहा ते वीस वर्षांत तो चिकट होतो, मग भुगा होऊन गळतो. स्पीकर वापरा किंवा न वापरा, ही क्रिया चालूच राहते. अब्बांनी २००३ मध्ये एकदा दोन्हींचा फोम बदलून घेतला होता. आम्ही डाव्या स्पीकरची जाळी काढली तेव्हा आत बोटाला काळा, डांबरासारखा लगदा लागला. कोन एका बाजूने लोंबकळत होता, त्यामुळे कॉइल तिरकी होऊन फटीत घासत होती. भुंगा तिथे होता. त्याच काळातले रबरी कड्यांचे स्पीकर अजूनही धडधाकट सापडतात. म्हणून जुना स्पीकर विकत घेताना आधी कडेला बोट लावून पाहावं. फोम असेल तर तो दाबल्यावर पुन्हा वर येतो का, की बोटाला चिकटतो, ते बघावं.

गंज लागतो तो चुंबकाला नव्हे. काळा-राखाडी फेराइट चुंबक म्हणजे एक प्रकारची भाजलेली माती, ती गंजत नाही. पण त्याच्या पुढच्या-मागच्या लोखंडी चकत्या गंजतात. खाडीच्या हवेत मीठ असतं, मीठ ओल धरून ठेवतं, आणि गंजाचे कपचे चुंबक स्वतःच फटीकडे ओढून घेतो. पेटीचंही तेच. ‘लाकडी’ म्हणून आपण जी कौतुकाने पुसतो, ती बहुतेक वेळा भुशाच्या दाबलेल्या फळीची असते आणि तिच्यावर लाकडाच्या रंगाचा पातळ थर असतो. खालची कड ओल पिऊन फुगली की सांधे उघडतात, हवा गळते आणि खर्ज जातो. आमच्या उजव्या पेटीचा मागचा तळ बोटभर फुगला होता.

आणि माझा हात कसा? जूनमध्ये घर बंद करताना मी दोन्ही स्पीकर मेणकापडात गच्च गुंडाळून सुतळीने बांधले होते. पाणी लागू नये म्हणून. पण पहिला पाऊस होऊन गेला होता, हवा आधीच दमट होती. ती दमट हवा मी आत कोंडली. रात्री गारवा वाढला की तिच्यातलं पाणी मेणकापडाच्या आतून दव होऊन बसणार, आणि बाहेर जायला वाट नाही. वर पेट्या थेट फरशीवर, बाहेरच्या भिंतीला टेकवून. पावसाळ्यात घरातल्या सगळ्यात थंड आणि ओल्या जागा याच. साधी सुती चादर पांघरून पाटावर ठेवले असते तर एवढं झालं नसतं.

उजव्या स्पीकरची गोष्ट वेगळी निघाली. त्याचा मोठा कोन ठीक होता, पण वरचा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, पूर्ण मुका होता. मोठा कोन खर्ज आणि मधले सूर काढतो, बारीक धारदार ध्वनी ट्विटरकडे. त्याच्या वाटेवर नळीसारखा छोटा कपॅसिटर असतो, जो जड सूर अडवून ट्विटरला वाचवतो. या कपॅसिटरचा तारेचा पाय हिरवा पडून तुटला होता. तांबं आणि ओल एकत्र आली की असं व्हायचंच.

इथे भाषेची शिक्षिका म्हणून मला थांबावंसं वाटतं. ट्विटर गेला की गाणं फक्त थोडं ‘दबलेलं’ वाटतं, म्हणून आपण चालवून घेतो. पण बोलण्यातले ‘स’, ‘श’, ‘फ’ हे ध्वनी मुख्यतः वरच्या कंपनांतच असतात. ‘स’ची बरीचशी ताकद सेकंदाला ४,००० कंपनांच्या वर असते. जुन्या टेलिफोनवर साधारण ३०० ते ३,४०० कंपनांचाच पट्टा जायचा, म्हणून फोनवर नाव सांगताना ‘स, सशाचा स’ असं बजावून सांगावं लागे. ट्विटर गेलेला स्पीकर घरात टेलिफोनसारखाच बोलतो. आपल्याकडे कितीतरी मुलं तिलावत ऐकून ऐकून मखरज सुधारतात. सीन आणि साद यांतला फरक शेजारच्या स्वराच्या जाडपणावरूनही कानाला कळतो. पण सीन आणि सा (उर्दूतला से), ज्यात जिभेचं टोक दातांपाशी येतं, यांतला फरक त्या बारीक धारेतच आहे. तीच धार ओलीने खाल्ली तर मूल बिचारं ऐकतंय तेच म्हणतंय. माझ्या वर्गात एका मुलीला मी महिनाभर ‘नीट ऐकत नाहीस’ म्हणून बोल लावत होते. नंतर समजलं, की घरी ती ज्या स्पीकरवर ऐकायची तो दोन पावसाळे खिडकीत होता. तिला मी सॉरी म्हटलं.

थंडीकडे वळते. आपल्याकडच्या थंडीने घरातल्या स्पीकरचं फार बिघडत नाही. निफाडकडे पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा रबर आणि फोमची कडी थोडी ताठ होतात, कोन मोकळा हलत नाही, खर्ज आखडतो. पंधरा-वीस मिनिटं हळू आवाजात वाजू दिलं की अंग मोकळं होतं. एकदम मोठा आवाज मात्र करू नये. टोरांटोत राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला याहून मोठा धडा मिळाला. हिवाळाभर गॅरेजमध्ये पडलेला स्पीकर त्याने रमजानच्या पहिल्या रात्री गरम दिवाणखान्यात आणला आणि लगेच लावला. बर्फासारख्या गार लोखंडावर घरातल्या हवेतलं पाणी जमलं, आत सगळं ओलं. अशा वेळी वस्तू खोक्यातच, बंद पिशवीत काही तास ठेवावी. पाणी पिशवीच्या बाहेरून बसतं, आत नाही. बॅटरीवर चालणारा स्पीकर असेल तर तो शून्य अंशाखाली चार्जही करू नये, लिथियमची बॅटरी त्याने कायमची दुखावते.

आपल्याकडे ही ‘परदेशी’ थंडी आता एसीच्या रूपाने घरात आली आहे. जुलैमध्ये बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे २७ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी बसणार. २४ अंशांच्या बेडरूममधून स्पीकर उचलून ओटीवर आणलात, की चष्म्यावर जशी वाफ धरते तशी ती त्याच्या कॉइलवर, चकत्यांवर धरते, फक्त दिसत नाही. अर्धा-पाऊण तास थांबून मग चालू करावा. एसीच्या खोलीतच राहणारा स्पीकर मात्र सुखी असतो, कारण एसी हवा कोरडी करतो. पाणी लागलं तरी चालतं असं लिहिलेले ब्लूटूथ स्पीकर येतात, आयपीएक्स७ वगैरे. त्या खुणेचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही साध्या पाण्यात. खाडीची खारट हवा त्याच्या चार्जिंगच्या भोकात वर्षभर बसते, तिचा हिशेब त्या आकड्यात नाही. ते भोक ओलं असताना वायर लावू नये.

सांभाळायचं कसं, तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वाजवत राहणं. घरगुती स्पीकरला मिळालेल्या विजेतला जेमतेम शंभरातला एक भाग आवाज होतो, बाकी सगळी उष्णता. ती उष्णता कॉइल कोरडी ठेवते. पावसाळ्यात रोज अर्धा तास तिलावत, नात, बातम्या, काय हवं ते लावा. बंद ठेवायचेच असतील तर फरशीपासून वर, भिंतीपासून वीतभर लांब. कपाटात ठेवत असाल तर पूर्वीची माणसं आत ‘झिरो’चा पिवळा बल्ब लावून ठेवत, त्यामागे पक्कं शास्त्र आहे. २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेची हवा ३२ अंशांपर्यंत तापली, की तिची सापेक्ष आर्द्रता ६७-६८ टक्क्यांवर येते. बुरशी सहसा ७० टक्क्यांच्या वर फोफावते. मात्र बल्ब कपड्यांना किंवा फळीला टेकता कामा नये आणि बंद घरात तो चालू ठेवून जाऊ नये. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या खोलीत ठेवणं म्हणजे खाडी ओंजळीने उपसणं. घट्ट झाकणाच्या डब्यात त्या उत्तम काम देतात, आणि कॅसेटींसाठी तोच उपाय. निळे दाणे असतील तर त्यांत कोबाल्टचा क्षार असतो, ते स्वयंपाकाच्या कढईत तापवू नयेत. अम्मीचा भरवसा लोबानच्या धुरीवर. धुरीने कुबट वास जातो, ओल जात नाही, पण हे तिला सांगायच्या भानगडीत मी पडत नाही.

आणि भिजलाच तर? ऊन आणि हेअर ड्रायर दोन्ही नको. कागद आकसतो, फळी पिळवटते. जाळी काढून पंख्याखाली दोन-तीन दिवस, तोवर वीज नाही. मग दोन्ही हातांची बोटं कोनावर सारखी टेकवून अगदी हलके आत दाबा. खरखर लागली तर कॉइल घासतेय. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल तारांना क्षणभर टेकवा, ‘टक्’ आवाज येऊन कोन हलला तर कॉइल जिवंत आहे. ही चाचणी मोठ्या कोनावरच करावी. ट्विटर फार नाजूक असतो.

आमच्या मोठ्या कोनांनी दोन्हीकडे ‘टक्’ केलं. सुट्टी संपायच्या आत मुलगा मुंबईला मामूकडे गेला होता, त्याने लॅमिंग्टन रोडवरून मापाची दोन रबरी कडी आणि त्याच मूल्याचा नॉन-पोलर कपॅसिटर आणला. कपॅसिटर न मिळाल्यास तार थेट जोडून टाकतात, तसं करू नये, जड सुरांनी ट्विटर जळतो. जुना लगदा स्पिरिटच्या बोळ्याने पुसायला एक अख्खी दुपार गेली. फटीतला गंज चिकटपट्टीच्या कडेने काढला. हे काम आम्ही एका म्हाताऱ्या मिस्त्रींना समोर बसवून केलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत, चहा दोनदा घेतला. डावा कोन रात्रभर डिंक वाळायला उलटा ठेवला.

उजव्या पेटीचा फुगलेला तळ काही बसला नाही. सुताराला दाखवायचा आहे. त्यामुळे तूर्त खर्ज थोडा कमीच.

तरी कॅसेट लावली. “अस्सलामु अलैकुम”मधला सीन लख्ख आला. अब्बा कुवेतच्या गरमीबद्दल बोलले, पगाराबद्दल बोलले, मग विचारलं, “पाऊस तोंडावर आलाय, घर शाकारून घेतलंत ना?”

अम्मी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही. म्हणाली, “घेतलं हो. मे महिन्यातच घेतलं.”